मनूच्या पडवीतली हत्यारं

चिंचवड,
श्रावण

चि. मनू,


तू पाठवलेला पडवीचा फोटो मी मोठा करकरून पाहिला. आतली अख्खी भिंत पांढऱ्या भोकांच्या बोर्डाने झाकलीस. त्याच्यावर आधी हातोड्या, मग पकडी, मग पान्हे, मग पटाश्या, सगळं चढत्या मापाने. दिसतंय छान. ‘आत्या, तुमच्या टूल स्टोअरसारखं झालंय का?’ असं विचारलंस. फोनवर बोलले असते तर ‘हो गं, मस्त’ एवढं म्हणून मोकळी झाले असते, म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसले.

भिंतीपेक्षा मला खालच्या टेबलाने जास्त सांगितलं. टेबलावर चार सुती पटाशी, गुण्या, पेन्सिल आणि लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर पडलेत, आणि वर त्यांच्या जागा रिकाम्या आहेत. म्हणजे रोज हातात लागणारी हत्यारं टेबलावर राहतात आणि न लागणारी भिंतीवर मिरवतात. पटाशीची जागा टेबलापासून चांगली तीन पावलं लांब, तीही तुझ्या डोक्याच्या वर. काढायला तू तिथे जाशीलच, कारण काम अडलेलं असतं. ठेवायची वेळ येते तेव्हा काम उरकलेलं असतं, हाताला फेविकॉल लागलेला असतो आणि आत कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते. तेव्हा तीन पावलं कोण चालतंय? या सगळ्या प्रकरणात मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे, बाकी सगळा तिचाच विस्तार समज. हत्यार काढायला सोपं आहे का हे बघू नकोस, ठेवायला सोपं आहे का ते बघ. एका हाताने, दुसरं काही न उचलता, न बघता ते जागेवर गेलं तर ती जागा बरोबर. नाहीतर जागा बदल, स्वतःला शिस्त लावत बसू नकोस.

पण त्याआधी एक तातडीचं. पोलादी फूटपट्टीच्या शेजारी अण्णांच्या पेटीतली पट्टी लटकवली आहेस, ती हे पत्र वाचून होण्याआधी काढ. ती फूटपट्टी नव्हे. अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, कोल्हापूरला उद्यमनगरात फौंड्रीवाल्यांसाठी लाकडी पॅटर्न करायचे हे तुला ऐकून माहीत असेल. वितळलेलं बीड साच्यात ओतलं की थंड होताना आक्रसतं, फुटामागे साधारण एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला हिशेब करण्यापेक्षा पॅटर्नवाल्यांची पट्टीच ताणून आखलेली असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सुताने लांब. नुसती पाहिली तर बारा इंच, बाराही खुणा जागेवर, संशय यायला काही जागाच नाही. दोन्ही पट्ट्या एकमेकींना लावून धर म्हणजे शेवटच्या इंचाशी फरक दिसेल. आता कपाटाचा खण तू साध्या पट्टीने मोजलास आणि फळी अण्णांच्या पट्टीने आखून कापलीस, तर तीन फुटांत तीन सुतांचा घोळ. फळी आत जाणार नाही आणि तू करवतीला दोष देशील.

अण्णा ती पट्टी पेटीच्या झाकणाला आतून, तिच्यापुरत्या केलेल्या खाचेत ठेवायचे. साधी पट्टी पेटीबाहेर, कामाच्या फळीवर. दोघींची गाठ पडू द्यायचे नाहीत. तू मात्र पट्टीशेजारी पट्टी लावलीस, कारण दोघी सारख्या दिसतात. एका जातीची हत्यारं एकत्र ठेवायची ही पद्धत दुकानात चालते, कारण तिथे गिऱ्हाईक ‘पक्कड दाखवा’ म्हणून येतं. घरात कोणी ‘चला, आज पक्कड वापरू या’ म्हणून उठत नाही. काम निघतं, आणि कामाला चार जातींची हत्यारं लागतात.

तुझ्या ओट्यावरचा मिसळणाचा डबाच बघ. मोहरी, जिरं, हळद, हिंग यांची जात एक नाही, कूळ एक नाही. पण तेल तापलं की सगळी दोन क्षणांत लागतात, म्हणून एका झाकणाखाली नांदतात. तसं हत्यारांचं कर. आखणीची एकत्र: पेन्सिल, गुण्या, पोलादी पट्टी, टेप, मार्किंग गेज. ती एका उथळ, उघड्या ट्रेमध्ये असू देत. काम खुर्चीवर असेल तर ट्रे खुर्चीपाशी जाईल, दारावर असेल तर दारापाशी. स्क्रूची एकत्र: ड्रायव्हर, बिटांचा डबा, आधी भोक पाडायचं बारीक ड्रिल, आणि स्क्रूला चोळायचा मेणबत्तीचा तुकडा. हा तुकडा लोकांच्या हिशेबात हत्यारांत धरलेला नसतो, म्हणून तो कायम देवघरात शोधावा लागतो. आणि घरच्यांसाठी एक वेगळीच पिशवी कर, टेस्टर, एक साधी पक्कड, चिकटपट्टी, एक ड्रायव्हर. ती पडवीत ठेवू नकोस, आत फ्रिजच्या बाजूला टांग. गॅसची नळी बदलायला, बॅटरीचं झाकण उघडायला, कुंडीतली माती सैल करायला घरातले लोक तुझ्या टेबलावरून जे उचलून नेतात ते परत येत नाही. भांडण करून हे थांबत नाही, पिशवीने थांबतं. तसाच एक जुना, टोक गेलेला स्क्रूड्रायव्हर रंगाचे डबे उघडायला म्हणून सुतळीने रंगांच्या फळीलाच बांधून टाक. तो नसला की चांगल्याचा बळी जातो.

हे मला कसं कळलं, तर खिडकीत बसून. नोकरीची बहुतेक वर्षं मी कारखान्याच्या टूल स्टोअरच्या खिडकीशी काढली, हे तुला माहीत आहे, पण तिथे नेमकं काय चालायचं हे तू कधी विचारलं नाहीस. प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबराचे पितळी बिल्ले असायचे. आठ मिलिमीटरचं रीमर हवं, तर खिडकीत बिल्ला द्यायचा आणि रीमर न्यायचं. मी तो बिल्ला रीमरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवायची. रीमर परत आलं की बिल्ला परत. वही नाही, सही नाही. शिफ्ट सुटताना मी नुसती मान वर करून बोर्डाकडे बघायची. जिथे पितळ चमकतंय तिथलं हत्यार बाहेर आहे, आणि कोणाकडे आहे तेही त्याच्यावरच कोरलेलं. या पद्धतीतलं मला आवडतं ते हे की हत्यार जाग्यावर नसलं तरी जागा गप्प बसत नाही.

घरी बिल्ले कशाला लागतात, पण रिकामी जागा बोलती करता येते. बोर्डावर हत्याराची बाह्यरेषा काढून ठेवायची, झालं. ही युक्ती कारखान्यांत सर्रास दिसते. अमेरिकेत जुलिया चाइल्ड नावाच्या स्वयंपाकावर लिहिणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या नवऱ्याने, पॉल चाइल्डने, घरातल्या भोकांच्या बोर्डावर प्रत्येक पातेल्याची आणि तव्याची आकृती आखून दिली होती. २००१ साली ते स्वयंपाकघर बाईंनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकलं. विमानाच्या दुरुस्तीत तर हा जिवाचा प्रश्न असतो. एक पान्हा इंजिनात राहिला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून तिथल्या खणांत दुरंगी फोम असतो, वर काळा, खाली भडक पिवळा किंवा लाल. हत्याराच्या आकाराचा खड्डा वरच्या थरात कापलेला. हत्यार उचललं की खालचा भडक रंग दिसतो आणि खण बंद करणाऱ्याची नजर अडते.

तू मात्र लगेच आकृत्या काढायला बसू नकोस. आधी दोन-तीन महिने जागा हलू देत. बायका नव्या घरात डबे लावतात तेव्हा पहिल्या महिन्यात साखरेचा डबा किती वेळा फळी बदलतो? रेषा आखली की जागा बदलायचा आळस येतो आणि चुकीची जागा कायमची होऊन बसते. आमच्या कारखान्यात भिंतीवर जपानी पाटी होती, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. निवड, मांडणी, सफाई, मग ते टिकवणं आणि अंगवळणी पाडणं. पाहुणे यायचे म्हटलं की सफाई आणि रंगरंगोटीवर सगळा भर. पहिल्या निवडीचं नाव कोणी काढायचं नाही, कारण त्यात टाकून द्यावं लागतं आणि टाकायला जीव होत नाही. तुझ्या भिंतीवर मला तीन हातोड्या दिसल्या, त्यांतल्या एकीची मूठ हललेली आहे. ती आधी दुरुस्त कर नाहीतर बाहेर काढ.

आता भिंत. तुझं घर चिऱ्याचं आणि चिरा पाणी पितो. रत्नागिरीच्या पावसात त्या भिंतीला तळवा लावून बघ, गार आणि ओलसर लागेल. तू तिच्यावर बोर्ड थेट ठोकलास. भोकांचा हा पांढरा बोर्ड म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला जाड पुठ्ठाच. मागून ओल लागली की तो फुगणार, भोकं सैल होणार, आणि आधीच त्या हुकांची रड अशी की पक्कड ओढली तर हुकही हातात येतो. बोर्डाचे पैसे गेले म्हणून हळहळू नकोस, तो आतल्या खोलीत कात्र्या आणि दोऱ्यांना कामाला येईल.

पडवीत असं कर. ज्या भिंतीला बाहेरून पाऊस लागत नाही ती निवड. तिच्यावर दोन उभ्या सागवानी पट्ट्या लाव, इंचभर जाडीच्या, म्हणजे मागून हवा खेळेल. चिरा मऊ असतो, भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेव नाहीतर भोकाचा खड्डा होईल. या उभ्या पट्ट्यांवर आडव्या पट्ट्या येतील. त्या साध्या नकोत. १८ मिलिमीटर प्लायची तीनेक इंच रुंद पट्टी घे आणि तिची वरची कड लांबीभर ४५ अंशांत तिरकी चिरून घे. भिंतीवर ती अशी बसव की तिरक्या कडेचं टोक तुझ्याकडे आणि उतार भिंतीकडे. मग तुझ्या पटाश्यांच्या, कानशींच्या छोट्या फळ्या करशील त्यांच्या पाठीला हीच पट्टी उलटी मार. वरून अडकवली की झालं. वजन जितकं जास्त तितकी ती भिंतीकडे ओढली जाते, खिळा-स्क्रू काही नाही. याला फ्रेंच क्लीट म्हणतात. मला यात आवडतं ते हे की आज पटाश्या डावीकडे आहेत आणि उद्या उजवीकडे हव्याशा वाटल्या, तर फळी उचलायची आणि सरकवायची. प्लाय ७१० मार्काचं माग, ते पाण्यापावसासाठीचं असतं. स्वस्तातलं एमडीएफ तुमच्या हवेत पोह्यासारखं फुगेल, त्याच्या नादी लागू नकोस.

कमरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा भिंतीवरची सोन्याची जागा. त्यात रोजची हत्यारं, वर आणि खाली बाकीची. ड्रिल मशिनसारखं जड ते खाली.

पटाश्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्याकडे अण्णांच्या पाच चांगल्या आहेत, दोन सुतीपासून आठ सुतीपर्यंत. त्या तू चुंबकाच्या पट्टीला चिकटवल्या आहेस. चुंबकाची पट्टी दिसते झकास, पण पटाशी तिच्याजवळ नेली की शेवटचा अर्धा इंच ती हातातून हिसकून घेते आणि धार पट्टीवर आपटते. शिवाय पोलादात थोडं चुंबकत्व राहतं, मग कानशीचा कीस धारेला केसाळ चिकटतो आणि तोच पुढे घासदगडावर जातो. चुंबकाला पान्हे दे, ड्रायव्हर दे, त्यांचं काही बिघडत नाही. पटाश्यांना लाकडी फळी कर. दीड इंच जाडीची पट्टी, तिला समोरून कापलेल्या खाचा, प्रत्येक खाच दांड्याच्या मानेपेक्षा किंचित रुंद पण मुठीपेक्षा अरुंद. पटाशी समोरून आत सरकते आणि मूठ खाचेवर बसते. भोक पाडलंस तर पटाशी दर वेळी वर उचलून टोक नेमकं भोकात घालावं लागतं आणि एक दिवस ते बोटात जातं. समोरून उघडी खाच असली की न बघता बसते. धार खाली लोंबते, तिच्यासमोर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची एक पट्टी लाव, म्हणजे मापही दिसेल आणि पिल्लूचं बोटही वाचेल. खाचांमधलं अंतर मात्र मुठी मोजून ठेव, धारेची रुंदी मोजून नको, नाहीतर मुठी एकमेकींना भिडतील.

कानशींचा प्रकार उलटा. त्यांची मूठ कोणी जपत नाही, दात जपायचे. कानस कडक असते म्हणूनच ठिसूळ. तुझ्या खणात पाच कानशी एकावर एक पडल्या आहेत, खण दर वेळी उघडला की त्या एकमेकींचे दात खातात, आणि मग आपण म्हणतो ‘हल्ली कानशीत दम राहिला नाही’. प्रत्येकीला तिची खाच हवी, उभी किंवा आडवी, शेजारणीला न लागता. आणि कानशीला तेल लावू नकोस. तेलाने ती घसरते आणि किसाचा चिखल दातांत बसतो. खडू चोळ, तारेच्या ब्रशने साफ कर, आणि पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव. रंग बदलणारं जेल घे, म्हणजे ओल भरली की दिसतं. मग तव्यावर मंद आचेवर फिरवून घेतलं की पुन्हा वापरता येतं. फक्त निळं घेऊ नकोस, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं आणि ते स्वयंपाकाच्या तव्यावर नको. नारिंगी घे, आणि त्यालाही तवा वेगळाच ठेव.

गंजाचं निघालंच आहे तर फोटोतली दुसरी गोष्ट. टेबलाखाली फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली आहे. ती बाहेर काढ, संडासात ने, मागच्या अंगणात ने, कुठेही, पण त्या खोलीतून काढ. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ घट्ट बुचातूनही निघत राहते आणि आसपासच्या पोलादावर आठवड्यांत तांबूस साय धरते. लोक खाऱ्या वाऱ्याला शिव्या देतात आणि चोर टेबलाखाली बसलेला असतो. खारा वारा आहेच म्हणा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो, आणि तुमच्याकडे पावसाचे चार महिने ती खाली येते कुठे? त्यात समुद्राचं मीठ पोलादावर बसून हवेतलं पाणी ओढून घेतं. हाताच्या घामातही मीठच. चकचकीत गुण्यावर कधीकधी सकाळी बोटाचा ठसा उमटलेला दिसतो, तो गंजाने काढलेला असतो.

तेल शिलाई मशीनचं लाव, फडक्याने पुसटसं. घरातलं करडईचं किंवा सूर्यफुलाचं लावशील तर ते हवेने चिकट होतं आणि त्यावर भुसा बसतो. जवसाचं तर वाळून वार्निशच होतं, ते मुठींना उत्तम, पात्याला नको. जपानी सुतार कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात, आपल्याला शिलाईचं पुरे. चामड्याच्या म्यानात पाती ठेवू नकोस. म्यान राजेशाही दिसतं, पण चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला डाग पाडतात. मखमल, फेल्ट, स्पंज हेही ओल धरणारेच. पूर्वी कपाटात पंधरा वॅटचा पिवळा बल्ब जळता ठेवायचे, कॅमेरेवाले आणि तंबोरेवालेही ठेवायचे. आतली हवा जरा गरम राहिली की दमटपणा उतरतो. आता एलईडीने ती सोय गेली, उजेड आहे पण ऊब नाही. तसा जुना बल्ब कुठे मिळाला तर घेऊन ठेव, आणि त्याच्या जवळ कापड किंवा भुसा येणार नाही एवढं बघ.

आता किरकोळ सामान. खण उथळ हवा, दोन-अडीच इंचांचा, म्हणजे थर एकच बसतो. खोल खणात वरचं दिसतं, खालचं आहे हेच माणूस विसरतो आणि बाजारातून पुन्हा आणतो. रत्नागिरीत आंब्याच्या रिकाम्या पेट्यांची फळकुटं हवी तेवढी मिळतील, खणांच्या आतल्या आडपट्ट्यांना ती छान. पण मेमध्ये आणलेली ओली फळकुटं लगेच वापरू नकोस, वाळली की खण सैल होतात. जावईबापूंच्या थ्रीडी प्रिंटरला काही काम दे. ग्रिडफिनिटी म्हणून एक पद्धत २०२२ साली झॅक फ्रीडमन नावाच्या माणसाने सगळ्यांसाठी फुकट खुली केली. खणाच्या तळाला ४२ मिलिमीटरच्या चौकटींची जाळी, आणि तिच्यात बसणारे ४२च्या पटीतले डबे. एखादा डबा उचलून कामाच्या जागी नेता येतो आणि परत आणला की आपसूक जागेवर बसतो. तुमच्या घरात तो प्रिंटर आतापर्यंत फक्त गणपतीचे मोदक आणि मोबाइलचे स्टँड काढतोय असं ऐकते.

ड्रिल बिटांना लाकडाचा ठोकळा पुरे, भोकं मापाच्या क्रमाने, प्रत्येक भोक बिटापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं आणि शेजारी मापाचा आकडा. तीन मिलिमीटरखालच्या बिटांवरचे आकडे पुसले जातात, तेव्हा ठोकळ्यावरचा आकडाच खरा धरावा लागतो. म्हणून वापरलेलं बिट ठोकळ्यातच जायला हवं, खिशात नाही.

स्क्रू पारदर्शक बरण्यांत ठेव. ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी कुठल्याही डब्यावर लावू नकोस. असला डबा सहा महिन्यांत घरातला सर्वांत जड डबा होतो. एखाद्या वस्तूचं काय करायचं ते ठरत नसेल तर तिच्यासाठी एक छोटी वाटी असू दे, मुद्दाम छोटी. भरली की टेबलावर उपडी करायची.

तू मला स्टडलीच्या पेटीचा फोटोही पाठवलास आणि ‘हे माझं स्वप्न’ असं लिहिलंस. हेन्री स्टडली मॅसॅच्युसेट्सचा, पियानो बनवणारा. महोगनी, शिसवी, आबनूस, शिंपले, हस्तिदंत यांनी सजवलेली ती पेटी बंद केली तर जेमतेम चाळीस इंच बाय वीस इंच, आणि आत दोनशेहून जास्त हत्यारं. एक चौकट बाजूला फिरवायची, तिच्यामागे दुसरा थर, त्याच्यामागे तिसरा. मी किती तरी वेळ तो फोटो बघत बसले. पण तिच्यातलं तिसऱ्या थरातलं हत्यार काढायला आधीचे दोन थर हलवावे लागतात, आणि ठेवताना पुन्हा तेवढंच. स्टडलीने ती पेटी स्वतःच्या हातांसाठी, स्वतःच्या सवयींवर बेतून केली. तुझ्या पडवीत तिची नक्कल आली तर सगळं पुन्हा टेबलावरच पडणार. स्वप्न म्हणून ठेव, माप म्हणून नको.

मी खंडेनवमीला येते आहे. आमच्या कारखान्यात तो दिवस मला दसऱ्यापेक्षा मोठा वाटायचा. आदल्या दोन दिवसांत एकूणएक हत्यार लोकांच्या लॉकरमधून, मशिनच्या मागून, चहाच्या टेबलाखालून परत यायचं, कारण पूजेला आपलं हत्यार नसणं बरं दिसत नाही. वर्षभर बिल्ल्यांना जे सापडलं नाही ते झेंडूला सापडायचं. तेव्हा तूही त्या दिवशी सगळी बाहेर काढ, अंगणात पाटावर मांड, मोज. एक मात्र कर, हळदकुंकू आणि पाण्याचे शिंतोडे उडाले असतील ते संध्याकाळी पुसून तेलाचं फडकं फिरव. ओलं कुंकू रात्रभर राहिलं की पात्यावर ठिपका पडतो आणि तो घासून निघत नाही. पूजा पूजेच्या जागी, पोलाद त्याच्या जागी.

येताना पुण्याच्या बोहरी आळीतून तुला अ‍ॅक्रिलिकचे स्क्रू आणि उथळ खणांचे चॅनेल आणीन. खणाची आतली खोली मोजून कळव. आणि कुठल्या पट्टीने मोजलीस तेही लिही.

पिल्लूला गोड पापा. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. पान्ह्यांच्या संचात दहा नंबरची जागा रिकामी दिसली. स्कूटरच्या डिकीत बघ. तिथे नसला तर शोधू नकोस, दोन नवे घे, एक डिकीसाठी आणि एक भिंतीसाठी.